चार फुटांवरचं खेळघर: कोकणातल्या एका परसातलं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातलं किनाऱ्याजवळचं एक गाव. घरात आजी-आजोबा दोघंच. दोन मुलगे आणि एक मुलगी पुण्या-मुंबईत. मे महिन्यात आणि गणपतीत सगळी नातवंडं गावी येतात: सर्वांत धाकटं तीन वर्षांचं, थोरला बारा वर्षांचा. शेजारच्या वाडीतली पोरं धरली तर अंगणात एका वेळी दहा-बाराजण सहज असतात. या मुलांसाठी परसात लाकडी, जमिनीपासून उंच, छप्पर असलेलं खेळघर बांधायचं ठरलं. माझा संबंध स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून आला. आजी-आजोबांचा थोरला मुलगा ओळखीचा होता आणि त्याला फक्त "खांब किती जाडीचे घेऊ?" एवढंच विचारायचं होतं.

गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. सुताराला सगळे मेस्त्रीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

घराकडे एक मोठी जमेची बाजू होती. वाडीतलं पणजोबांचं जुनं कौलारू घर नुकतंच उतरवलं होतं. त्याचे ऐनाचे खांब, तुळया, वासे आणि माळ्याच्या सागवानी फळ्या पडवीत रचून ठेवल्या होत्या. नवीन झाड तोडायची गरज नव्हती, हा फायदा लहान समजू नये. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली ऐन, साग, आंबा, फणस ही सगळी झाडं येतात. आपल्या मालकीच्या जागेतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि कापलेलं लाकूड हलवायलाही पास लागतो. "घरचाच ऐन आहे, पाडू या की" असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक कामात भेटतात. इथेही भेटले.

प्रश्न नेमका काय होता

घरच्यांच्या मते प्रश्न मजबुतीचा होता, आणि मजबुती म्हणजे जाडी. पहिल्याच फोनवर मी वजनाचं गणित मांडून दाखवलं, म्हणजे तो विषय एकदाचा मिटेल.

खेळघराचा तळ ८ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटर. राहत्या घराच्या जमिनीसाठी आपलं भारतीय मानक (आयएस ८७५, भाग २) चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरायला सांगतं आणि सज्जासाठी सुमारे ३००. मुलं उड्या मारणार म्हणून ३०० धरला. एकूण भार झाला साडेतेराशे किलोच्या आसपास. चार खांबांत वाटला की एकेकावर साडेतीनशे किलोसुद्धा येत नाही. चार इंची ऐनाच्या खांबाला हे काहीच नाही. तुळयांचंही तसंच. दोन खांबांमधल्या आठ फुटांच्या अंतराला तीन बाय सहा इंचाची ऐनाची तुळई पुरून उरते आणि तशा चार तुळया पडवीत पडलेल्याच होत्या.

थोडक्यात, खालच्या दिशेने येणारं वजन पेलणं ही इथली अडचणच नव्हती. खऱ्या अडचणी तीन होत्या आणि त्यांतली एकही जाडी वाढवून सुटणारी नव्हती. एक, पाणी: वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा आणि वाळवी. दोन, डुलणं: दहा मुलं एकाच वेळी एका कठड्याकडे धावली किंवा वारं सुटलं की ताकद आडवी लागते, आणि चार पायांवर उभी असलेली कुठलीही वस्तू आडव्या ताकदीला कच्ची असते. तीन, पडणं. कठडा कितीही चांगला केला तरी कधी ना कधी कोणीतरी पडणार, हे धरूनच चालावं लागतं.

समोर असलेले पर्याय

मुलांची मागणी साधी होती: आंब्यावर घर. परसात मोठा रायवळ आंबा आहे, फांद्याही आडव्या. पण जवळ जाऊन पाहिलं तर दोन मोठ्या फांद्यांवर बांडगूळ माजलेलं आणि बुंध्याच्या एका भोकाखाली ताजा भुसा पडलेला, म्हणजे आत खोडकिडा. शिवाय झाड वाऱ्यात हलतं. एकाच झाडाच्या दोन फांद्या वेगवेगळ्या दिशांना हलतात आणि त्यांना ताठ जखडलेली चौकट पहिल्याच वादळात स्वतःलाही फाडते, सालीलाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून वर गेलं, तेव्हा याच परसातले माड आडवे झाले होते. त्यामुळे आजोबांना या मुद्द्यावर पटवावं लागलं नाही.

दुसरा पर्याय तालुक्याच्या फॅब्रिकेटरचा: लोखंडी अँगलची चौकट, वर फळ्या. काम झटपट झालं असतं आणि आडव्या ताकदीला वेल्डिंगचा सांधा उत्तम. पण खाऱ्या हवेत दर वर्षाआड घासून रंग द्यावा लागला असता आणि मेच्या उन्हात त्या अँगलला हात लावायची सोय नव्हती. तिसरा पर्याय तयार प्लास्टिकच्या खेळघराचा. ते तीन वर्षांच्या मुलाला ठीक, बाराच्या मुलाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

राहिला चौथा: आंब्याच्या सावलीत, पण झाडाला न टेकता, स्वतःच्या चार पायांवर उभं असलेलं लाकडी खेळघर. तोच घेतला.

जागा ठरवताना आजीचं मत शेवटचं ठरलं आणि ते योग्यच होतं. आजोबांना विहिरीकडची बाजू हवी होती, तिथे वारा चांगला. पण तिथे दोन माड होते, आणि नारळ पडायला मुहूर्त बघत नाही. आजी म्हणाली, "माका मागल्या दारातसून पोरां दिसूक व्हयी. बाकी तुमी काय करशात ता करा." स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून थेट नजर पडेल अशी जागा निवडली. वर माड नाही, वाळलेली फांदी नाही. आंब्याची बांडगूळ लागलेली फांदी आधी उतरवून घेतली.

उंचीचा निर्णय

या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, म्हणून इथे थोडं थांबतो.

थोरल्या नातवाला आठ फूट हवे होते. आजोबांना सहा, म्हणजे खाली बाकडं टाकून बसता येईल. सुनेला तीन. सहसा अशा वेळी मधला आकडा घेऊन मोकळे होतात. पण उंची हा आवडीचा प्रश्न नसून खाली जमिनीवर काय असणार याचा आहे, आणि ते आधी ठरलं पाहिजे.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची सार्वजनिक खेळमैदानांसाठी एक पुस्तिका आहे. घरच्या परसाला ती कोणी लागू केलेली नाही, पण डोकं आपटण्याचे नियम सगळीकडे सारखेच. तीत स्पष्ट म्हटलंय की माती आणि गवत यांना पडण्यापासूनचं संरक्षण धरू नये. नऊ इंच वाळूचा थर चार फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरतो. नऊ इंच लाकडाचे तुकडे असतील तर दहा फुटांपर्यंत चालतं.

मग लाकडाचे तुकडेच का नाही? कोकणात लाकडाचे ओले तुकडे जमिनीवर पसरणं म्हणजे वाळवीला जेवायला बोलावणं. दोन पावसाळ्यांत त्याचं खत झालं असतं. रबराच्या लाद्या मुंबईहून आणाव्या लागल्या असत्या आणि त्यांचा नुसता भाव ऐकूनच तो विषय संपला. राहिली वाळू. आणि वाळू म्हटलं की उंची चार फूट. थोरला नातू दोन दिवस घुश्शात होता, ते साहजिकच.

वाळू किती लागणार हे मांडलं तेव्हा घरात पहिल्यांदा शांतता पसरली. मूल सरळ खाली पडत नाही, बाहेर फेकलं जातं. म्हणून तळाच्या चारही बाजूंना सहा-सहा फूट मऊ जागा हवी. ८ बाय ६ चं झालं २० बाय १८, म्हणजे ३६० चौरस फूट. पाऊण फूट खोल धरली तर २७० घनफूट, पावणेतीन ब्रास. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालणार नव्हती. ती टोकेरी असते, दाबली की घट्ट बसते आणि बांधकामात हवा असलेला हाच गुण इथे नडतो. गोल कणांची धुतलेली वाळू हवी. तिचा खर्च मेस्त्रींच्या मजुरीच्या जवळपास जात होता. "लाकूड फुकट आणि वाळूला पैसे!" हे आजोबांचं वाक्य मी आजही इतर घरमालकांना ऐकवतो. त्यांनी पैसे दिले मात्र.

लाकूड निवडणं आणि राखणं

जुनं लाकूड चांगलं असतं, पण सगळं नाही. मेस्त्रींनी प्रत्येक नग दोन ओंडक्यांवर ठेवून हातोडीने वाजवला. भरीव ऐन टणटणीत वाजतो. आतून पोखरलेला बोदा. आवाज बदलला तिथे पटाशीचं टोक दाबायचं. वरून धडधाकट दिसणाऱ्या एका तुळईत पटाशी मुठीपर्यंत आत गेली आणि वाळवीची माती भुरभुरली. ती तुळई चुलीकडे रवाना झाली. जुने खिळे काढण्यात बराच वेळ गेला, पण एक जरी राहिला तरी रंध्याचं पातं गेलंच समजा.

एका गोष्टीवर जरा वाद झाला. मुलीला जुन्या घराची हिरवी दारं खेळघराच्या भिंतींना लावायची होती. तिचं लहानपण त्या दारांमागे गेलेलं. पण तो ऑइलपेंट कैक दशकांपूर्वीचा. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत किती शिसं होतं याची खात्री देता येत नाही, आणि हिरव्या-पिवळ्या छटांत ते जास्त वापरलं जाई. पोपडे निघालेला असा रंग तीन वर्षांच्या मुलाच्या हाताशी नको, आणि घासून काढायचा तर ती धूळ त्याहून वाईट. दारं पडवीतच राहिली.

लाकडाला काय लावायचं यावर प्रत्येकाकडे एक घरगुती उपाय होता. शेजाऱ्यांनी जळकं ऑइल सुचवलं. कुंपणाच्या खुंटांना ते ठीक. मुलांचे हात, गुडघे आणि वाळू यांच्या संपर्कात नको. आजोबांनी काजूच्या टरफलाचं तेल काढून ठेवलं होतं. वाळवीवर ते जुनं आणि खरं औषध आहे, कोकणातल्या कित्येक घरांचे वासे त्यावर टिकलेत. पण ज्याने ओल्या काजूबिया हाताळल्यात त्याला ते कातडीचं काय करतं हे सांगायला नको. म्हणून ते फक्त खांबांच्या बुडाला आणि तुळया बसणार त्या खाचांच्या आत लावलं, जिथे मुलांचा हात पोचत नाही, आणि पुरतं सुकू दिलं. कठडा, पायऱ्या आणि फळ्यांना जवसाचं तेल, तीन हात. (जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत.)

शहरातल्या एका व्यापाऱ्याने हिरवट झाक असलेले 'ट्रीटेड' पाइनचे खांब स्वस्तात देऊ केले होते. अशी प्रक्रिया बहुधा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणाची असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी, मुलांच्या खेळण्याच्या चौकटी धरून, ती २००३ अखेर थांबवली गेली. प्रक्रिया कशाची हे त्या व्यापाऱ्याला सांगता येईना, तेव्हा नको म्हटलं.

प्रत्यक्ष काम

काम एप्रिलअखेर सुरू झालं आणि मृगाच्या आत संपवायचं होतं. मेस्त्री घरबांधणीतले मुरलेले. आमचं पहिलं बोलणं खांब जमिनीत किती पुरायचा यावरून झालं. आजोबांना दोन हात खोल पुरून वर काँक्रीट ओतायचं होतं. मी काही बोलायच्या आत मेस्त्रीच म्हणाले, "अण्णानू, लाकूड पाण्यान कुजना नाय, थांबलेल्या पाण्यान कुजता." काँक्रीटच्या खोबणीत उभा केलेला खांब म्हणजे पाण्याच्या पेल्यात उभा केलेला खांब. जमिनीलगतची वीतभर जागाच सर्वांत आधी जाते.

म्हणून प्रत्येक खांबाखाली जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं लहान जोतं घेतलं. हातभर खाली कातळच लागला, त्यावरून उचललं. जोत्याच्या डोक्यावर काँक्रीट आणि त्यात पक्का बसवलेला जी.आय.चा (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचा) यू आकाराचा बूट. खांब बुटात, आरपार दोन बोल्ट, आणि खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर. त्या फटीमुळे बूड वाळतं. वाळवी चढायची म्हटली तरी तिला उघड्यावर मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती नळी दिसते. मुलं खेळणार त्या मातीत वाळवीचं औषध ओतायचं नाही हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे ही नजर ठेवण्याची सोय महत्त्वाची होती.

खांब दहा फुटी, तळाच्या चार फुटांवरून थेट छपरापर्यंत जाणारे. तुळई खांबाला नुसत्या बोल्टवर लटकवली नाही. खांबाला खाच पाडून तिच्या खांद्यावर बसवली आणि मग १२ मिमीचे दोन बोल्ट. भार लाकूड लाकडावर देतं, बोल्ट फक्त जागेवर धरतो. तुळयांवर दोन बाय चारचे वासे, सोळा-सोळा इंचांवर.

चौकट उभी राहिली, ओळंब्यात आली, तेव्हा सगळे खूश. मी थोरल्या मुलाला एका खांबाला खांद्याच्या उंचीवर एका हाताने ढकलायला सांगितलं. चार इंची ऐनाचे खांब, सहा इंची तुळया, आणि अख्खी चौकट डुलली. दोन-तीनदा लयीत ढकलल्यावर तर बोल्ट कुरकुरायला लागले. जाडी या रोगावर का चालत नाही, हे समजावून सांगायची मग गरजच उरली नाही. मागच्या आणि एका बगलेच्या बाजूला तळाखाली फुलीसारखे तिरके ठेपे, उरलेल्या दोन बाजूंना खांब-तुळईच्या कोपऱ्यात दोन-दोन फुटांचे तिरके आधार. ते बसल्यावर त्यानेच दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. ढिम्म हललं नाही.

कठडा ३८ इंचांचा, उभ्या पट्ट्यांचा. आडव्या पट्ट्या दिसायला छान असतात, पण मुलांसाठी ती शिडीच. दोन पट्ट्यांमधल्या फटीचा नियम महत्त्वाचा आहे: ९ सेंटिमीटरपेक्षा कमी, नाहीतर २३ पेक्षा जास्त. मधल्या मापात धड जातं आणि डोकं अडकतं. मेस्त्रींनी माप लक्षात ठेवायची आपली पद्धत काढली. त्यांची चार बोटं बरोबर पावणेआठ सेंटिमीटर भरली. प्रत्येक फटीत चार बोटं घालूनच पुढची पट्टी ठोकली.

हाच नियम पायऱ्यांनाही लागतो, आणि तिथे तो हमखास विसरला जातो. चार फूट चढायला आठ-आठ इंचांच्या सहा चढ्या. दोन पायऱ्यांमधली उघडी जागा झाली साधारण अठरा सेंटिमीटर, म्हणजे नेमकी धोक्याच्या मापातली. पाठीमागून फळ्या लावून ती बंद केली. फळीच्या खालच्या कडेला बोटभर फट सोडली, नाहीतर तिथेच पाणी साचलं असतं.

छपराला मंगळुरी कौलं नको म्हटलं. चेंडू लागून कौल सुटलं तर ते कोणाच्या तरी डोक्यावरच येणार. नालीदार पत्रा, जे-बोल्टने वाशांना बांधलेला, धारदार कडांना सगळीकडे लाकडी पट्टी. बोल्टची बाहेर आलेली टोकं कापून वर टोप्या, म्हणजे फ्रॉकची नाडी किंवा ओढणी अडकायला नको. तुळईला झोपाळा टांगायचा आग्रह झाला, तो मोडून काढला. झोक्याचा हिसका आडवा असतो, आणि झोक्यासमोर जेवढी मोकळी जागा लागते तेवढी तिथे नव्हती. सुटी लोंबती दोरीही नाही. चढायची दोरी लावली ती वर आणि खाली दोन्हीकडे बांधलेली.

फळ्यांचा मुद्दा

माळ्याच्या सागवानी फळ्या सहा इंच रुंद, इंचभर जाड, साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेल्या. दोन फळ्यांत दोन-अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट ठेवा, मधे जाड खिळा ठेवून अंतर धरा, असं मी लिहून दिलं होतं. मेस्त्रींना ते खपलं नाही. कागद जाणार नाही अशी जमीन ही त्यांच्या हातची ओळख. आजीलाही फटी नको होत्या. गोट्या, बिया, पेन्सिली खाली पडतात. मी गावी नसताना फळ्या घट्ट बसल्या. पुढच्या भेटीत पाहिलं तेव्हा काम खरोखर देखणं होतं. मृग चार दिवसांवर आलेला. स्क्रू काढून सगळं पुन्हा बसवायला वेळ नव्हता आणि मोडतोड होण्याची भीती होती. बघू पावसात काय होतं, असं ठरलं.

पावसाळ्यानंतर

काय झालं ते जुलैतच दिसलं. छप्पर असलं तरी कोकणात पाऊस तिरका येतो. फळ्या फुगल्या, त्यांना पसरायला जागा नव्हती. पश्चिमेकडच्या दोन फळ्या मधोमध कमान करून उचलल्या गेल्या, एकीचे स्क्रू उपटले. उरलेल्या जमिनीवर पाणी थांबून राहायला लागलं, शेवाळ धरलं आणि निसरडं झालं. गणपतीला मुलं आली तेव्हा वर जायला बंदी होती, आणि तेवढ्यावरून घरात बरंच बोलणं झालं. नोव्हेंबरात मेस्त्रींनी स्वतःहून सगळ्या फळ्या काढल्या, कडा रंधून घेतल्या आणि खिळा मधे ठेवून पुन्हा बसवल्या. माळ्यावर ज्या फळ्या जन्मभर घट्ट शोभल्या त्यांचं उघड्यावर वागणं वेगळं, हे त्यांना माझ्या कागदापेक्षा त्या उचललेल्या फळ्यांनी जास्त पटवलं.

चौकटीचं मात्र चांगलं निघालं. चारपैकी तीन खांबांची बुडं कोरडी ठणठणीत. चौथं ओलसर होतं, कारण पत्र्याची पागोळी नेमकी त्याच जोत्यावर पडत होती. तिथे पत्रा वीतभर पुढे काढला. एका जोत्यावर वाळवीची नळी चार बोटं चढलेली सापडली, खरवडून टाकली, पुन्हा दिसली नाही. पावसाआधी घट्ट असलेले नट हिवाळ्यात पाव-अर्धा फेरा सैल झाले होते, ते आवळले.

वाळूने त्रास दिला. पहिल्या मोठ्या सरीत वाळूच्या खड्ड्याचं तळं झालं, कारण खाली कातळ आणि पाणी जायला वाट नाही. खड्ड्याच्या काठाचे, उताराच्या बाजूचे दोन चिरे काढून तिथे दगडगोटे भरले आणि पुढे चर खणला. पाणी निघालं, वाळूही थोडी निघाली. पावसाळ्याअखेर काठाला नऊच्या जागी सहा इंच उरली होती. आता मेच्या आधी फावड्याने सारखी करून कमी पडेल तेवढी भरायची, असं ठरलंय.

तळाखालच्या जागेबद्दलही एक कुरबुर चालूच आहे. आजीला तिथे नारळाची सोडणं आणि चुलीची लाकडं रचायची आहेत; पावसात तेवढीच कोरडी जागा. पण या भागात फुरसं हा विषारी साप सर्रास निघतो आणि अशा ढिगात तो हमखास असतो. ती जागा मोकळीच राहते, निदान मुलं असेपर्यंत.

काय वेगळं करता आलं असतं

फळ्यांचा प्रश्न कागदावर सुटणारा नव्हता. जूनमध्ये दोन फळ्यांचे तुकडे घट्ट आणि दोन फटीने ठोकून बाहेर ठेवले असते आणि बांधकाम दिवाळीनंतर केलं असतं, तर मेस्त्रींना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं असतं. एप्रिलअखेर सुरू करून मृगाच्या आत संपवायची घाई मुलांच्या सुटीमुळे झाली. पण मेमध्ये मुलांना वापरायला मिळाले जेमतेम आठ दिवस. कोकणात असं काम नोव्हेंबरात काढावं: लाकूड मध्यम ओलाव्याचं असतं, मेस्त्री मोकळे असतात, आणि चुका सुधारायला पाच महिने हाताशी राहतात.

वाळूचा खर्च पहिल्याच बैठकीत मांडायला हवा होता. मुलांना आठ फुटांचं चित्र आधी दिसलं आणि चार फुटांचं कारण नंतर कळलं. त्यामुळे चार फूट ही कपात वाटली. उलट क्रमाने बोलणं झालं असतं तर रुसवा टळला असता.

पाणी निघायचा चर हा जोत्यांबरोबरच, खड्डा खणतानाच घ्यायचा असतो. नंतर चिरे उचकटून तो करणं दुप्पट कामाचं झालं.

चार फुटांऐवजी पाच करून रबराच्या लाद्या घ्यायला हव्या होत्या का, हे मला थोरल्या मुलाने नंतर विचारलं. या घरासाठी माझं उत्तर नाही असंच आहे. धाकटं मूल तीन वर्षांचं आहे, आणि बाराच्या मुलाला जो थरार हवा आहे तो आणखी फूटभराने भागणार नाही. त्याच्यासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाला स्वतंत्र झोपाळ्याची चौकट करायची बोलणी सुरू आहेत. उरलेल्या ऐनाच्या दोन तुळया त्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात. मेस्त्रींनी या वेळी वाळूचा हिशेब आधी मागितला आहे.